अमेरिकेतल्या कॅथलिक शाळेत चौथी-पाचवीला नेमकं काय शिकवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईची मुलगी सध्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, तिसरीत आहे. येत्या सप्टेंबरपासून तिला जवळच्या कॅथलिक शाळेत चौथीला घालायचा विचार चालू आहे. घरचे हिंदू, शाकाहारी. चौथी-पाचवीत तिथे काय शिकवतात, गणितात मुलगी मागे तर पडणार नाही ना, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. शिवाय, ‘रिलिजनच्या तासाला तिला बाहेर बसवता येतं का? आम्ही दोघंही पुण्यात कॉन्व्हेंटलाच शिकलो, तिथे कधी काही अडचण आली नाही.’

मी या वयाच्या मुलांना अशाच शाळांमध्ये शिकवत आले आहे, त्यामुळे शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. सगळा गोंधळ तिथेच आहे. पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या) तासाला जातात आणि बाकीची मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षणाला. त्यामागे राज्यघटनेचं २८वं कलमही आहे. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. अमेरिकेत ही विभागणी नाही. इथली कॅथलिक शाळा ही खासगी शाळा आहे आणि रिलिजन हा तिथला गणित-इंग्रजीच्या बरोबरीचा विषय आहे. त्याला पाठ्यपुस्तक असतं, गृहपाठ असतो, घटकचाचणी असते आणि प्रगतिपुस्तकावर श्रेणी असते. ‘बाहेर बसवता येतं का’ याचं उत्तर जवळजवळ सगळीकडे ‘नाही’ असंच मिळेल. प्रवेशाच्या वेळी जी पालक-विद्यार्थी पुस्तिका सही करून द्यावी लागते, तिच्यात हे लिहिलेलं असतं. ती वाचूनच सही करा.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न ‘अभ्यासक्रम काय’ हा नाहीच. गणित-विज्ञान-समाजशास्त्राचा आराखडा पब्लिक स्कूलच्या फार जवळचा असतो. फरक तीन ठिकाणी पडतो. रिलिजन हा पूर्ण विषय असतो, इंग्रजी व्याकरण आणि लेखन जुन्या वळणाचं असतं, आणि शाळा लहान असल्यामुळे मुलाच्या वेगाप्रमाणे वेगळं शिकवण्याची सोय कमी असते. या तिन्हींवर तुमचं मत काय, त्यावर निर्णय घ्या.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळ्या कॅथलिक शाळा एका छापाच्या नसतात. काही एका पॅरिशच्या (म्हणजे एका स्थानिक चर्चच्या), काही थेट डायोसीसच्या (म्हणजे बिशपच्या हाताखालच्या प्रांताच्या), काही सिस्टर्स किंवा फादरांच्या संघाच्या, काही स्वतंत्र. एडिसनकडचा भाग मटचन डायोसीसमध्ये येतो, तर जर्सी सिटी किंवा बर्गन काउंटी नेवार्क आर्चडायोसीसमध्ये. अभ्यासक्रमाचे निकष डायोसीस ठरवतं, पुस्तकं आणि वेळापत्रक बरंचसं मुख्याध्यापकांच्या हातात असतं. शिवाय पॅरिशच्या शाळेत पॅस्टरचा, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूचा, शब्द चालतो. अलीकडे काही शाळा ‘क्लासिकल’ झाल्या आहेत. तिथे लॅटिन, पाठांतर आणि जुनं साहित्य यांवर भर असतो. शेजारच्या दोन गावांतल्या दोन शाळांत दिवस अगदी निराळा जाऊ शकतो. त्यामुळे पुढचं सगळं ‘बहुतेक ठिकाणी’ असं धरून वाचा.

रिलिजनबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच पालकांना सगळ्यात कमी माहिती असते.

अमेरिकेतल्या बहुतेक कॅथलिक पाठ्यपुस्तक मालिकांमध्ये वर्षाला एक विषय ठरलेला असतो. दुसरीत फर्स्ट रिकन्सिलिएशन (धर्मगुरूंपुढे पापांची पहिली कबुली) आणि फर्स्ट कम्युनियन (चर्चच्या उपासनेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं). तिसरीत चर्च म्हणजे काय, प्रेषितांचा विश्वासांगीकार (श्रद्धेची थोडक्यात कबुली), पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), आणि वर्षभराचं उपासनेचं कॅलेंडर. चौथीत नीतिशास्त्र: दहा आज्ञा, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली आठ धन्यवचनं, सदसद्विवेक, पाप आणि क्षमा. पाचवीत सात संस्कार आणि मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, भाग. सहावीत जुना करार: अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. म्हणजे तुमची मुलगी दाखल होईल तेव्हा वर्गातल्या कॅथलिक मुलांची कम्युनियनची तयारी आधीच उरकलेली असेल. एका अर्थी हे सोयीचं आहे. दुसरीचं जवळजवळ सगळं वर्ष त्या एका समारंभाभोवती फिरतं आणि बिगर-कॅथलिक मूल तिथे जास्त एकटं पडतं. चौथीचा विषय मात्र वागण्या-बोलण्याचा आहे, आणि त्यात सगळ्यांनाच बोलायला काहीतरी असतं.

चौथीचा तास कसा चालतो ते सांगते. दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण तास. शिक्षक एखादा प्रसंग देतात. समजा, दुकानदाराने चुकून पाच डॉलर जास्त परत दिले आणि ते घरी आल्यावर तुझ्या लक्षात आलं. आता काय करशील? मुलांनी तीन गोष्टी लिहायच्या असतात: यात कोणती आज्ञा लागू होते, नुकसान कोणाचं झालं, आणि ते भरून कसं काढायचं. पहिल्या दोन सगळ्यांना जमतात. गुण जातात ते तिसरीत. मुलं ‘सॉरी म्हणेन’ लिहून थांबतात. पण कॅथलिक शिकवणीत सातव्या आज्ञेबरोबर (चोरी नको) परतफेड येते, म्हणजे पैसे परत नेऊन द्यायचे. हे उत्तर न लिहिल्यास पूर्ण गुण नाहीत. त्याच घटकात गंभीर पापाच्या तीन अटी येतात. गोष्ट गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि ती स्वतःच्या इच्छेने केलेली असली पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे जड जाईल असं वाटतं, पण ‘मुद्दाम केलं की चुकून झालं’ या वादात त्या वयाची मुलं तरबेज असतात.

एक फसगत इथे हमखास होते. दहा आज्ञा पाठ करताना मुलं इंटरनेटवरून यादी उतरवून घेतात आणि ती यादी बहुतेक वेळा प्रोटेस्टंट क्रमाची निघते. बायबलमधला मजकूर एकच, पण दहा आकड्यांत तो विभागतात वेगवेगळा. कॅथलिक क्रमात ‘माझ्याशिवाय दुसरे देव नको’ आणि ‘मूर्ती करू नको’ हे दोन्ही पहिल्या आज्ञेतच येतं. मग दुसरी देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, तिसरी प्रभूचा दिवस पवित्र पाळ, चौथी आई-वडिलांचा मान राख, पाचवी खून नको, सहावी व्यभिचार नको, सातवी चोरी नको, आठवी खोटी साक्ष नको. शेवटची लोभाबद्दलची आज्ञा दोन भागांत मोडून नववी (शेजाऱ्याची पत्नी) आणि दहावी (शेजाऱ्याची मालमत्ता) होते. बहुतेक प्रोटेस्टंट यादीत मूर्तीची आज्ञा सुटी दुसरी धरतात आणि लोभाची एकच दहावी. त्यामुळे दुसरीपासून नववीपर्यंतचे सगळे आकडे एकाने सरकतात. ‘चौथी आज्ञा कोणती’ या प्रश्नाला मुलीने ‘शब्बाथ पाळ’ लिहिलं तर उत्तर चूक. पाठांतर शाळेच्या पुस्तकावरूनच करून घ्या.

आणि आता ज्या गोष्टीची तुम्हाला मनात धास्ती असेल ती. पहिल्या आज्ञेचा धडा झाला की मुलगी घरी येऊन विचारणार, ‘आपल्या घरी गणपती आहे, मग आपण चुकीचं करतो का?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर आधी ठरवून ठेवा. दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. एक, कॅथलिक चर्चने स्वतःच २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख करून, अशा धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं म्हटलं आहे. वर्गात कोणी शिक्षक दुसऱ्या धर्माला नावं ठेवत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलायला हा आधार पुरेसा आहे. दोन, कॅथलिक वर्गात येशूच्या आईची, मारियेची, मूर्ती असते, चर्चमध्ये संतांच्या मूर्ती असतात. त्यावर चर्चचं उत्तर असं की मूर्तीला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. रोज देवघरातल्या मूर्तीसमोर हात जोडणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. मात्र चर्च येशूला एकमेव तारणारा मानतं आणि धड्यात ते तसंच येणार, हेही स्पष्ट सांगते. परीक्षेत ‘चर्च काय शिकवतं’ ते लिहायचं, ‘मी काय मानते’ ते कोणी विचारत नाही. हा भेद मुलीला सप्टेंबरच्या आधीच समजावून द्या. ज्या घरात तो समजावलेला असतो, तिथलं मूल या विषयात बहुधा चांगले गुण मिळवतं. कारण त्याला सगळंच नवीन असतं आणि ते नीट वाचतं.

पाचवीत सात संस्कारांची विभागणी पाठ करावी लागते. प्रवेशाचे तीन (बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन), बरं करण्याचे दोन (क्षमा, आणि रुग्णाभ्यंग म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावणं), सेवेचे दोन (धर्मगुरुपद, विवाह). प्रत्येकाचं चिन्ह, शब्द आणि परिणाम असा तक्ता भरायचा असतो. हा भाग शुद्ध पाठांतराचा आहे. दयेची चौदा कामंही येतात, सात शरीराची आणि सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न देणं, आजाऱ्याला भेटणं, मृताला मूठमाती देणं वगैरे. शाळेतले डबाबंद अन्न गोळा करण्याचे उपक्रम आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या व्रतकाळात) घरी येणारी पुठ्ठ्याची दानपेटी या धड्यांना जोडलेले असतात.

मिस्सा बहुतेक शाळांत आठवड्यातून एकदा, साधारण पाऊण तास ते तासभर. बिगर-कॅथलिक मुलांनी हजर राहायचं, उभं राहायचं आणि बसायचं, पण कम्युनियन घ्यायचं नाही. यात अपमान काही नाही. चर्चचा नियमच तसा आहे, आणि मुलीला गंमत म्हणूनही ती पांढरी चकती तोंडात टाकायची मुभा नाही. रांगेत जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. जायचं नसेल तर बाकावर बसून राहायचं. दोन्ही चालतं, पण कुठलं करायचं हे तुम्ही आधी ठरवून वर्गशिक्षकांना सांगा. नाहीतर पहिल्याच मिस्साला मुलगी पुढच्या मुलीचं बघून हात पुढे करते आणि मग सगळ्यांचीच पंचाईत होते. गुडघे टेकायचे की बसायचं, हेही विचारून घ्या. चौथी-पाचवीपासून वर्ग आळीपाळीने मिस्साची जबाबदारी घेतात. वाचन, सामूहिक प्रार्थना, गाणं अशी कामं असतात. त्यातलं बिगर-कॅथलिक मुलाला काय मिळेल ते पॅस्टरवर अवलंबून असतं. गायनवृंदाला सहसा अडचण नसते, वेदीसेवक, म्हणजे मिस्सात धर्मगुरूंना मदत करणारी मुलं, मात्र कॅथलिकच.

बाकी रोजच्या प्रार्थना: सकाळी, जेवणाआधी, सुटताना. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात रोझरी (जपमाळेची प्रार्थना). ॲश वेन्सडेला (लेंटच्या पहिल्या दिवशी) कपाळावर राख लावून घेणं ऐच्छिक असतं. लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चीज पिझ्झा मिळतो. शाकाहारी मुलांची खरी सोय वर्षात तेव्हाच होते. एरवी डबाच द्या.

ऑल सेंट्स डे, म्हणजे १ नोव्हेंबरच्या आसपास, चौथी-पाचवीत संतांवर प्रकल्प असतो. पान-दोन पानांचा निबंध, पोस्टर, कधी वेशभूषाही. मुलं तेच तेच फ्रान्सिस आणि निकोलस निवडतात. तुमच्या मुलीसाठी एक सुचवते: वसईचे संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्म, पुढे फ्रान्सिस्कन संघात दाखल होऊन जपानमध्ये, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हौतात्म्य. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. नकाशा काढता येतो, व्यापाराचा इतिहास येतो, आणि महाराष्ट्रातला संत वर्गात दुसऱ्या कोणी निवडलेला नसतो.

आता इंग्रजी. मराठी घरांना वाटतं की आमच्या मुलीचं इंग्रजी छान आहे, इथे काही अडणार नाही. अडतं ते दोन जागी: व्याकरण आणि कर्सिव्ह.

बऱ्याच पब्लिक स्कूलमध्ये व्याकरण वाचन-लेखनातून ओघाने येतं. कॅथलिक शाळांत अजूनही त्याचा वेगळा तास आणि वेगळं पुस्तक असतं, आणि पुष्कळ ठिकाणी वाक्याच्या आकृत्या काढायला लावतात. ही पद्धत रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ मध्ये पुस्तकातून मांडली. ‘द टॉल गर्ल कॅरीड हेवी बॅग्ज’ हे वाक्य घ्या. एक आडवी रेघ ओढायची. तिच्यावर ‘गर्ल’, ‘कॅरीड’, ‘बॅग्ज’. गर्ल आणि कॅरीडच्या मध्ये उभी रेघ, आडव्या रेघेला छेदून खालपर्यंत. कॅरीड आणि बॅग्जच्या मध्येही उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवरच थांबते. ‘द’ आणि ‘टॉल’ गर्लच्या खाली तिरप्या रेघांवर, ‘हेवी’ बॅग्जच्या खाली. इथपर्यंत आठवड्याभरात येतं. मुलं चुकतात ती पुढे. ‘द गर्ल इज टायर्ड’ यात टायर्ड हे कर्म नाही. तिथे रेघ सरळ उभी न काढता कर्त्याकडे कललेली काढायची असते, आणि नवीन मूल ती हटकून सरळ काढतं. दुसरी अडचण शब्दयोगी पदबंधांची. ‘फ्रॉम द स्टोअर’ बॅग्जच्या खाली टांगायचं की कॅरीडच्या? पिशव्या दुकानातल्या की नेणं दुकानापासून, हे ठरवल्याशिवाय आकृती पुरी होत नाही. माझ्या मते हा व्यायाम वाचनासाठी फार मोलाचा आहे. लांब वाक्यात कोण कोणाला काय करतंय हे मुलांना डोळ्यांना दिसतं. घरी मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद शिकवलं असेल तर तेही इथे कामी येतं. उन्हाळ्यात नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय एवढी पाच ओळखता आली तरी सप्टेंबर सुखाचा जाईल.

कर्सिव्ह या शाळांत दुसरी-तिसरीत शिकवतात आणि चौथीत ते येतंच असं धरून चालतात. फळ्यावरचं लिखाण कर्सिव्ह, गृहपाठ कर्सिव्ह. पब्लिक स्कूलमधून आलेल्या मुलीला लिहिण्याआधी वाचायलाच अडचण येते. जुलै-ऑगस्टमध्ये रोज दहा मिनिटं पुरतात. अक्षरं एबीसीच्या क्रमाने घेऊ नका, हाताच्या वळणाने घ्या. आधी सी, ए, डी, जी, ओ, क्यू. मग आय, टी, यू, डब्ल्यू. मग वरच्या वळशाची एल, ई, एच, के, बी, एफ. शेवटी एन, एम, व्ही, एक्स, वाय, झेड वगैरे. सगळ्यात त्रासदायक असतात वरून जोडली जाणारी चार अक्षरं: ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी. त्यांच्यापुढे आर किंवा एस आला की मुलं जोड खाली नेतात आणि शब्द वाचता येत नाही. ‘बोर’, ‘वर्ड’ असे शब्द गिरवून घ्या.

शब्दसंग्रह आणि स्पेलिंग जुन्या चालीवर: सोमवारी यादी, शुक्रवारी परीक्षा. पाचवीअखेर पाच परिच्छेदांचा निबंध अपेक्षित असतो.

गणितात चौथीला अनेक अंकी गुणाकार, एक अंकी भाजकाने भागाकार, समान अपूर्णांक, दशांश, कोन. पाचवीत वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, अपूर्णांकांचा गुणाकार, दशांशांच्या चारही क्रिया, घनफळ. पब्लिक स्कूलमध्येही हेच. कॉमन कोअरच्या (पुष्कळ राज्यांनी स्वीकारलेल्या सामायिक अभ्यासनिकषांच्या) क्रमात मात्र नेहमीच्या रीतीचा गुणाकार पाचवीत आणि नेहमीच्या रीतीचा भागाकार सहावीत पक्का व्हायचा असतो. त्याआधी चौकटी पाडून वगैरे करतात. पुष्कळ कॅथलिक शाळा चौथीतच सरळ भागाकार घेतात आणि पाढे बारापर्यंत वेळ लावून विचारतात. पाढे कच्चे असतील तर भागाकार समजूनही मूल रडकुंडीला येतं.

घरी शिकवताना एक लक्षात ठेवा. आपण भागाकार उजवीकडे लिहीत आलो, इथे तो भाज्याच्या डोक्यावर लिहितात, अंकाच्या बरोबर वर अंक. ही मांडणी बदलू नका, कारण शून्याची चूक तिथेच पकडता येते. ६१२ भागिले ६ करताना मूल १२ लिहून मोकळं होतं. १ हा सहाच्या डोक्यावर आणि २ हा दोनाच्या डोक्यावर लिहिला असेल, तर मधल्या एकाच्या डोक्यावरची जागा रिकामी दिसते आणि तिथे शून्य हवं हे कळतं: १०२. चौकटींच्या वहीत करायला लावा, आणि उत्तराला भाजकाने गुणून पडताळायची सवय लावा.

मुलगी मागे पडणार नाही. पुढे असली तर मात्र अडचण होऊ शकते. इयत्तेला एकच तुकडी असते आणि हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग बहुधा नसतो. शाळेला ‘गणितात चांगल्या मुलांसाठी काय करता’ असं विचारलंत तर गोड उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, गेल्या वर्षी आठवीतल्या किती मुलांनी अल्जीब्रा वन पूर्ण केलं आणि त्याची सुरुवात कोणत्या इयत्तेपासून होते. उत्तर ‘एकही नाही’ असेल आणि तुम्ही सहावीला पब्लिक स्कूलमध्ये परतणार असाल, तर तिथल्या वरच्या गणिताच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा काय मागते ते आत्ताच बघून ठेवा. राज्याची एनजेएसएलए परीक्षा या शाळांना लागू नाही. त्या मॅप किंवा आयोवासारख्या चाचण्या घेतात. मॅप बहुधा वर्षातून तीनदा होते. तिच्या गुणांची तुलना राज्याच्या परीक्षेच्या गुणांशी करू नका, दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे.

विज्ञानाबद्दल एकच गैरसमज दूर करते. उत्क्रांती इथे शिकवतात. कॅथलिक चर्चचं त्याच्याशी भांडण नाही, आणि महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. ज्या शाळांत उत्क्रांतीला विरोध असतो त्या वेगळ्या पंथांच्या. लहान शाळेत प्रयोगशाळा मात्र नसते, प्रयोग वर्गातच होतात. समाजशास्त्रात चौथीला बहुधा आपलं राज्य आणि देशाचे प्रदेश, पाचवीला वसाहतींपासून क्रांतीपर्यंतचा अमेरिकेचा इतिहास.

पाचवीच्या उत्तरार्धात वयात येण्याचा विषय असतो, तो चर्चच्या शिकवणीच्या चौकटीत. आधी पालकांना पत्र येतं आणि साहित्य बघायला मिळतं. ते बघा, आणि जे त्यात नाही ते घरी सांगायची तयारी ठेवा. स्पर्शसुरक्षेचे धडे वेगळे असतात आणि दरवर्षी होतात.

मुलीला आयईपी (विशेष गरज असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) किंवा स्पीच थेरपी चालू असेल तर हा मुद्दा सगळ्यांच्या आधी बघा. पब्लिक स्कूलची आयईपी खासगी शाळेत आपोआप चालू राहत नाही. न्यू जर्सीत चॅप्टर १९२ आणि १९३ या कायद्यांखाली कॅथलिक शाळेतल्या मुलांनाही काही जादा शिकवणी आणि सेवा मिळतात. त्यासाठी ४०७-१ हा फॉर्म भरून सही करावी लागते. पण मिळणारी मदत आयईपीइतकी असेलच असं नाही. शाळेत त्यासाठी कोण येतं, आठवड्यातून किती वेळा येतं, हे नाव-वार-वेळेसकट विचारा.

कॅथलिक स्कूल्स वीक जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि बहुतेक शाळा त्याच सुमाराला ओपन हाउस ठेवतात. त्या दिवशी सगळं सजवलेलं असतं, म्हणून नंतर एखाद्या साध्या मंगळवारी चौथीचा वर्ग चालू असताना बसू देतील का ते विचारा. तीन गोष्टी बघायला मागा: रिलिजनची एखादी जुनी घटकचाचणी, भिंतीवर न लावलेली एखाद्या मुलाची लेखनाची वही, आणि पाचवीचं गणिताचं पुस्तक कितव्या प्रकरणापर्यंत पोचलंय ते. रिलिजनची चाचणी घरी आणता आली तर तुम्ही दोघांनी मिळून वाचा, आणि त्यातली उत्तरं आपली मुलगी लिहीत असलेली तुम्हाला चालतील का, ते फी भरायच्या आधी एकमेकांशी बोलून घ्या. आजी-आजोबा सोबत राहत असतील तर त्यांच्याही कानावर घाला, कारण शाळेतून आल्यावर मुलगी पहिला प्रश्न बहुधा त्यांनाच विचारेल.